हिरवी खूण

एकमेकांशी जुळवून काम कसं करावं हे घोड्यांच्या कळपाकडून शिकायचं, असा वरून हुकूम आला, तेव्हा मी दोन दिवस दात काढत होतो. औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं छापणारा आमचा पाच जणांचा विभाग. घोड्यांकडून काय शिकणार, खिंकाळायला? पण मी विभागप्रमुख. शनिवारी सकाळी मुकाट्याने बसमध्ये बसलो, काकूंपासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब.

त्याला कारण होतं. गुरुवारी साहेबांचा कागद आला होता: विभागातला एक माणूस कमी करा. मी काकूंना कमी केलं. काकू आमच्या तपासनीस. हातात भिंग, समोर लेबल आणि मशीन थांबलेलं. कोणाचं काम किती झालं याचा तक्ता मी भिंतीवर लावला होता, त्यात त्यांचा रकाना कायम तळाला. पत्रात कारण लिहिलं, ‘कामाचा वेग कमी’. काकू भांडायच्या नाहीत, हेही मनात होतंच. ते लिहिलं नाही.

कुंपणाच्या आत सात घोडे माना खाली घालून चरत होते. एक करडी घोडी तेवढी नुसतीच उभी होती, कान टवकारून.

"ही बघा कामचुकार," मी म्हणालो.

मशीनवाला हसला. घोडे सांभाळणारी बाई हसली नाही.

"ती उभी आहे म्हणून बाकीचे निवांत खातायत," ती म्हणाली. "मागं ही आजारी पडली, तर दर दोन घासांना सगळ्यांच्या माना वर. चार दिवस कोणी धड चरलं नाही."

मला एक लेबल आठवलं. गेल्या वर्षी लहान मुलांच्या औषधाच्या लेबलावर ‘अर्धा चमचा’चा ‘दीड चमचा’ झाला होता. काकूंनी तो पहिल्याच लेबलावर धरला. मशीन तासभर बंद राहिलं, आणि तो वाया गेलेला तास मी काकूंच्याच रकान्यात मांडला होता. कुंपण सोडून बाजूला गेलो आणि साहेबांना फोन लावला.

"साहेब, ते तपासनिसांचं पत्र मी मागं घेतो."

"दुरुस्त होऊन आलं ते?"

"दुरुस्त?"

"अहो, पद तपासनिसाचं आणि बिल्ल्यावरचा टोकन नंबर मशीनवाल्याचा घातला होता तुम्ही. आम्ही नंबरच बघतो, तोच घरी बसला असता. तुमच्या तपासनीस बाईंनी नंबर खोडून बरोबर केला. खाली हिरवी खूण आहे त्यांची."

विभागातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदावर काकूंची हिरवी खूण हवी, हा नियम माझाच. मी ते पत्र गुपचूप टपालात सरकवलं होतं. शिपायाने खूण दिसली नाही म्हणून इमानेइतबारे काकूंच्या टेबलावर नेऊन ठेवलं असणार.

"बदलायचं असेल तर एकपर्यंत दुसरा नंबर कळवा," साहेब म्हणाले. "एक माणूस तर जाणारच."

काकू झाडाखालच्या बाकावर चष्मा पुसत बसल्या होत्या.

"काकू, ते पत्र तुम्ही वाचलंत?"

"वाचणं माझं कामच आहे."

"मग तसंच जाऊ द्यायचं होतं. चूक माझी होती."

"त्याच्या घरी महिन्याचं बाळ आहे. आणि नंबर चुकीचा होता हो, चुकीचं पुढे कसं पाठवू?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "कारणाच्या ओळीला मात्र मी हात लावला नाही. ती तुमची."

त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणाची पानं मांडली गेली. पाऊण वाजला होता. मी फोन हातात घेऊन कुंपणाशी उभा राहिलो आणि नंबर आठवायला लागलो. मशीनवाल्याला तान्हं बाळ. शाईचं काम बघणारी एकटीच्या जिवावर घर चालवते. कटरवाल्या काकांना निवृत्तीला वर्ष उरलंय. मग राहिला एकच नंबर. तो मला तोंडपाठ आहे, वीस वर्षं रोज छातीवर लावतोय.

"या ना जेवायला," काकूंनीच हाक मारली. "गार होईल."

मी गेलो, मान खाली घालून जेवलो. एक वाजून गेला तेव्हाही फोन माझ्या खिशातच होता.