फळ न धरणारं तिरफळ

मी तिरफळाचं झाड बोलतोय. झाड कसलं, आता गुडघाभर बुंधा. पेठच्या डोंगरातल्या एका पाड्यावर, बांधावर उभा होतो. अंगभर काटे, आणि फळ एकही नाही. असल्या झाडापुढे कुणी नवस बोलेल का? पण सविता बोलली होती.

लग्नाला चार वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नव्हती. सोमवारचा उपास धरून ती तांब्याभर पाणी माझ्या मुळाशी ओतायची. एकदा हात जोडून म्हणाली, "तुला एक घोस लागू दे, मला एक लेकरू. पाच सवाष्णी जेवू घालीन." मला फार ओशाळल्यासारखं झालं.

तिची सासू आक्काबाई मागेच उभी होती, खांद्यावर फळं ओढायची आकडी घेऊन. हसता हसता तिला ठसका लागला.

"येडी का काय तू! त्याला नाय लागायचं. तो नर हाय. खाली ओहळाकाठी दुसरं झाड हाय ना, ती मादी. हा फुलतो, तवा तिला फळ धरतं."

सविता बघतच राहिली. "मग आत्या, तिला फळ आलं नसतं तर लोकांनी बोल कुणाला लावला असता?"

"तिलाच की," आक्काबाई म्हणाली, आणि तिचं हसू थांबलं. सुनेकडे क्षणभर बघून "चल, कामं पडलीत" एवढंच पुटपुटली.

पण त्या दिवसापासून तिने सुनेला हाताशी धरलं. फांदी मोडायची नाही, आकडीने घोस ओढायचे. शेंड्याचा घोस पाखरांचा. बाकीचे सावलीत वाळवायचे. टरफल उकललं की काळं बी ओहळाकाठी टाकायचं; पाखराच्या पोटातून गेलं तर ते रुजतं म्हणे. खेकड्यांच्या रश्श्यात दोन टरफलं पडली की शेजारपाजारचे विचारणार, आज काय शिजतंय? दाढ दुखली तर तिच्याखाली एक धरायचं, जीभ बधिर होते. हे आक्काबाईला तिच्या आईने सांगितलं होतं. लिहिलेलं कुठेच नव्हतं.

आक्काबाई गेली, त्याला वर्ष झालं नसेल. नाशिकहून मसाल्याचा व्यापारी आला. तिथेच द्वारका चौकात त्याचं दुकान. टरफल चावून म्हणाला, "एक नंबर माल आहे. आणखी झाडं लावा ना. हे बांधावरचं काय कामाचं? उगाच जागा अडवतंय." दुसऱ्या दिवशी सविताचा नवरा पुंजा कुऱ्हाडीला धार लावून आला.

सविता आडवी आली. "अहो, आत्या सांगायच्या, तो नर हाय. ह्याला तोडलं तर खालचीला बी फळ धरायचं नाय."

"झाडात कुठं गडी न् बाई असती? आय म्हातारी झालती, काय बी बोलायची." मग तिच्याकडे रोखून बघत म्हणाला, "ज्याला फळ नाय ते पोसून काय करू? लय दिवस पोसतोय."

सविता बाजूला झाली. घाव माझ्यावर बसत होते आणि मान तिने खाली घातली होती.

पुढच्या पावसाळ्यात ओहळाकाठची भरभरून फुलली. फुलं वाट बघून गळाली. दिवाळीआधी व्यापारी पिशव्या घेऊन आला, तसाच रिकामा गेला. "ही बी वांझ निघाली," पुंजा म्हणाला. त्याच वर्षी त्याने सविताला माहेरी धाडलं आणि रोशनीला दुसरी बायको करून घरात आणलं.

तीन वर्षांनी सविता आपली लग्नातली भांडी न्यायला आली. रोशनी माझ्याजवळ बांधावर बसून रडत होती.

"ताई, वांझ हाय म्हणून उद्या खालचं झाड तोडणार हायेत. आन् मला बी तेच ऐकवत्यात."

सवतीला टोमणा मारायला याहून बरी वेळ मिळाली नसती. सविता तिच्या शेजारी बसली.

"माझ्यात दोष नव्हता गं. नाशिकला डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं. ह्यांना तपासायला चला म्हणून निरोप धाडला, तर निरोप आणणाऱ्यालाच शिव्या घातल्या." मग माझ्या बुंध्यातून निघालेला कोंब तिने दाखवला. "हा नर हाय. शेळ्यांपासून राख. मोठा होऊन फुलला की खालची फळ धरंल. तिला तोडू देऊ नको."

"माझं कोण ऐकतंय?"

"माझं बी नाय ऐकलं. पर आत्यांनी सांगितलं होतं, म्हणून मी सोताला कधी वांझ म्हटलं नाय. आता तुला मी सांगते."

दुसऱ्या दिवशी पुंजाने ओहळाकाठची तोडलीच. रोशनी आडवी गेली, तर तिला ढकलून दिलं. हाताला खरचटलेलं तसंच ठेवून तिने माझ्या कोंबाभोवती काटेरी फांद्या रोवल्या.

देवाच्या मनात असेल तर मी पुन्हा फुलेन. कुणासाठी, ते आता ठाऊक नाही. पण तुम्हाला एखाद्या आक्काबाईने रानातलं काही सांगितलं असेल, तर ते पोटात घेऊन जाऊ नका. सविताने सवतीला सांगितलं. तुम्हीही सांगा; जिच्याशी वाकडं असेल, तिलाही.