बाह्यांचा प्रसंग

माझी गोष्ट संपादकांकडून परत आली तेव्हा समासात लाल शाईने तीनच शब्द होते : ‘बाह्यांचा प्रसंग टाका.’ माझा जन्म शिलाई मशीनवर गेलेला. टाका म्हटलं की हात जोडायलाच जातो. चार ओळींचा तो प्रसंग, मी त्याची दोन पानं केली.

प्रसंग खरा होता, आणि ताईला ठाऊक नव्हता. आमच्या दुकानात कापायचं तिने, शिवायचं मी. तीस वर्षांपूर्वी एक बाही कापून ती पाणी प्यायला आत गेली, तेवढ्यात मी एका महागड्या कोटाचं कापड उलटून त्याची चमक बघितली आणि तसंच ठेवून दिलं. ताईने येऊन दुसरी बाही कापली. दोन्ही बाह्या डाव्या. बाबांनी तिला गिऱ्हाइकांसमोर झापलं. मी मान खाली घालून काजं करत राहिले. तेव्हापासून प्रत्येक बाही कापण्याआधी ताई मला विचारते, “हीच बाजू ना गं?”

आणि आज तीच ताई माझं पहिलं वाचन ऐकायला नवी चप्पल घालून आली होती.

साहित्याचा मेळा एका जुन्या बंगल्याच्या आवारात होता. फाटकापासूनच माझे पाय जमिनीवर नव्हते. तळ्यात नाव, नावेत कवी. काचेच्या घरात, कुंड्यांच्या गर्दीत, एक बाई माणसाएवढं व्हायोलिन गुडघ्यांत धरून वाजवत होती. हिरवळीवर दोन पुरुष उंचीची बाहुली उभी राहत होती.

“कवी बुडाला तर कविता कोण पुरी करणार?” ताई म्हणाली. मग एका समीक्षकाकडे बघून, “बोलतो छान, पण खांद्यात झोळ आहे.”

माझं वाचन घोड्यांच्या तबेल्यात. दारातच संपादक भेटले.

“बाह्या टाकल्यात ना?”

“टाकल्या की. चांगली दोन पानं.”

त्यांचा चेहरा उतरला. “अहो, टाका म्हणजे काढून टाका. दहा मिनिटांत कसं बसायचं ते?”

“कसल्या बाह्या?” ताईने विचारलं.

“काही नाही गं,” मी म्हटलं. सुटका आयती चालून आली होती. दोन पानं गाळायची, टाळ्या घ्यायच्या, घरी जायचं.

व्यासपीठावर गेले. ताई पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर, माझ्या आधीच टाळ्या वाजवायला तयार. मी सुरुवातीची पानं बाजूला ठेवली आणि थेट बाह्यांपासून वाचायला लागले. आवाज, कुणास ठाऊक कसा, खणखणीत लागला.

वाचून झालं. कुणी टाळी वाजवायच्या आत ताई उभी राहिली.

“म्हणजे ती चूक माझी नव्हती?”

लोकांना वाटलं हे बसवलेलंच आहे. तबेला हसून गडगडला.

“नव्हती,” मी म्हटलं.

“तीस वर्षं विचारतेय तुला, सटवे.”

ती तरातरा बाहेर गेली. मी टाळ्या तिथेच सोडून मागे धावले.

हिरवळीवर बाहुलीवाला चादरीएवढं कापड पसरून डोकं खाजवत होता. बाहुलीच्या कोटाला अजून बाह्या नव्हत्या. ताईने त्याच्या हातातली कात्री काढून घेतली, गुडघे टेकले. मी सवयीने वाट बघत उभी राहिले, आता विचारेल.

कर्र्कन कात्री फिरली. तिने मान वर केली नाही.

“बघत काय बसलीस? सुई ओव.”

एक डावी निघाली, एक उजवी.