प्रोग्रेसिव्ह म्हणजे प्रगती नव्हे

साहेब, तुम्हाला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता. डॉक्टरकीची पदवी घेऊन आरोग्य खात्याच्या खुर्चीत बसलेला माणूस तुम्ही. भरल्या सभागृहात तो शब्द उलटा वाचला गेला, तेव्हा तुम्ही मंचावर होतात, छातीला पाहुण्याचा बिल्ला लावून.

चष्मा सोडवायच्या शिबिराला काय गर्दी होती! शाळेचं सभागृह खच्चून भरलेलं. पुढे जाड भिंगांची पोरं, मागे त्यांच्या आया, दारात माना लांबवून उभे बाप. आणि मंचावर नेत्रगुरू. सदरा पांढराशुभ्र, आवाज तुपात घोळलेला.

"चष्मा म्हणजे काय हो? डोळ्याची कुबडी! धडधाकट पायाला कुबडी लावली तर पाय लुळा पडतो की नाही?"

"पडतो!" सभागृह म्हणालं.

"डॉक्टर कुबड्या विकतात. मी पाय परत देतो!"

पायाचा डोळ्याशी काय संबंध, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. टाळ्या मात्र बरोबर सुचल्या.

मग अकरा वर्षांच्या एका मुलीला वर बोलावलं. तिचा बाप बाजारातल्या कोपऱ्यावर स्टुडिओ चालवायचा. सगळे त्याला फोटोवाला म्हणूनच हाक मारायचे. शिबिराचे फोटो काढायला तोच होता. लेकीचा चष्मा वर्षात तीनदा बदलला, तरी तिला फळ्यावरचं एक अक्षर दोन दिसायचं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मशीनवर तपासून कागद दिला होता आणि बजावलं होतं, "क्रॉसलिंकिंग करून घ्या. लगेच." डोळ्यावरची साय खरवडणार, एवढंच फोटोवाल्याच्या डोक्यात बसलं. म्हणून तो कागद खिशात घालून इथे आला.

नेत्रगुरूंनी कागद उंच धरला. "मी नाही म्हणत, डॉक्टरच लिहितात! 'प्रोग्रेसिव्ह केराटोकोनस.' प्रोग्रेसिव्ह! म्हणजे?"

"प्रगती!" मागून एक मास्तर ओरडले.

"शाब्बास! रोग आपणहून सुधारतोय आणि हे निघाले सुरी घेऊन!"

हशा पिकला. पहिली टाळी फोटोवाल्याची.

साहेब, वाढत चाललेल्या रोगाला प्रोग्रेसिव्ह म्हणतात. तुम्ही तेव्हा मनगटावरचं घड्याळ बघत होतात.

नेत्रगुरूंनी मुलीचा चष्मा काढला, डावा डोळा रुमालाने झाकला आणि उजव्यासमोर स्वतःची मूठ धरली. "या मुठीत मी सूर्य धरलाय, बेटा. बघ त्यातून." समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. मुलगी अडखळली, मग वाचायला लागली. चौथी ओळ. पाचवी. सहावी! सभागृह उठून उभं राहिलं. चष्मा मंचावरच्या बादलीत पडला आणि तुमच्या खात्याच्या कारकुनाने तिचं नाव-पत्ता नोंदवहीत टिपलं.

"आता रोज सकाळ-संध्याकाळ मुठी वळून शंभर वेळा डोळे चोळायचे. झोपलेली नस जागी होते!"

घरी जाताना लेक म्हणाली, "बाबा, त्यांच्या मुठीतनं दिसत होतं. मूठ काढली की नाही दिसत."

"विश्वास ठेवायला शीक जरा."

"ठेवते. पण दिसत नाही."

"अगं, सगळ्यांनी पाहिलं, मी फोटो काढला, आणि तूच शंका घे!"

'दिसतंय का गं?' म्हटलं की 'हो' म्हणायचं, हे पोरगी शिकली. बापाने तिचे दोन फोटो शेजारीशेजारी छापले, एक चष्म्याचा, एक बिनचष्म्याचा. खाली ठळक अक्षरं: 'हिचा सुटला, तुमचा कधी?' पोस्टर स्टुडिओच्या काचेत लावलं. सकाळी लेक डोळे चोळायची आणि बाप शेजारी बसून मोजायचा, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर.

वर्गशिक्षिकेने निरोप धाडला, मुलगी वर्गात मुठीची दुर्बीण करून फळा बघते, चेष्टा आवरा. बापाने लेकीलाच झापलं.

आठ महिने गेले. एका दुपारी ती स्टुडिओच्या दारात आली आणि समोर उभ्या बापाला म्हणाली, "काका, बाबा आहेत का?"

त्याच संध्याकाळी बाप तिला घेऊन गेला, तेव्हा डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तपासायचा दिवा मालवला, बारीक भोकांची काळी पट्टी मुलीच्या उजव्या डोळ्यासमोर धरली आणि म्हणाल्या, "वाच."

मुलीने सहावी ओळ वाचली.

"म्हणजे दिसतंय की!" फोटोवाला उडालाच.

"बारीक भोकातून बऱ्याच जणांना स्पष्ट दिसतं. वेडेवाकडे जाणारे किरण अडतात, मधले तेवढे आत येतात. डोळा होता तसाच आहे. तुम्ही फोटो काढता ना? पुढचं-मागचं सगळं रेखीव यायला हवं तर काय करता?"

फोटोवाल्याने हवेतच लेन्सचं कडं फिरवलं. "छिद्र... बारीक करतो."

वीस वर्षं तो हेच करत आला होता. मंचावरचे सगळे नीट यावेत म्हणून चमत्काराचा फोटोही त्याने छिद्र बारीक करूनच काढला होता.

"मी हेच सांगत होते," लेक म्हणाली. आवाजात तक्रारसुद्धा नव्हती.

"डोळे चोळतेस का गं?" बाईंनी विचारलं.

"शंभर वेळा. बाबा मोजतात."

बाईंचं पेन थांबलं. फोटोवाल्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"चोळून चोळून आगीत तेल ओतलंत," बाई म्हणाल्या. "केराटोकोनस म्हणजे हेच, डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतोय. लहान वयात हे झपाट्याने वाढतं. क्रॉसलिंकिंगमध्ये जीवनसत्त्वाचे थेंब मुरवून त्यावर मोजका अतिनील प्रकाश सोडला की पडद्याचे धागे एकमेकांना घट्ट धरतात आणि रोग बहुतेकदा तिथेच थांबतो. गेलेली नजर मात्र त्याने परत येत नाही. म्हणून मी लगेच म्हटलं होतं. उजव्या डोळ्याचा पडदा आता इतका पातळ झालाय, की हा उपचार त्याला झेपणार नाही. पुढेमागे कुणी मरणोत्तर दान केलेल्या डोळ्याचा पडदा बसवावा लागेल. डावा या आठवड्यात करू."

डावा झाला. चार दिवस पोरगी कळवळली, मग सावरली. सहा महिन्यांनी मशीनने सांगितलं, डावा आहे तिथेच थांबलाय.

पुढच्या शिबिरात फोटोवाला सरळ मंचावर चढला. हातात पुठ्ठा, पुठ्ठ्याला टाचणीचं भोक. पुढच्या रांगेतल्या एका बाईंना त्याने चष्मा काढायला सांगून पुठ्ठा दिला. बाई धडाधड तक्ता वाचत गेल्या.

"ही बघा मूठ! फोटोच्या खोक्याचा पुठ्ठा आहे. यात सूर्यबिर्य काही नाही!"

"अश्रद्धाची नजर..." नेत्रगुरूंनी सूर लावला.

"तुमची मूठ उघडून दाखवा आधी!"

मूठ सदऱ्याच्या खिशात गेली.

मागून कुणीतरी ओरडलं, "पोस्टर तुम्हीच लावलं होतंत ना, फोटोवाले?"

"मीच. पहिली टाळीही माझीच."

एक आई उठली. "तुमच्या पोरीचा फोटो बघून मी माझ्या मुलाचा चष्मा बादलीत टाकला हो."

फोटोवाला एवढंच म्हणाला, "मुलाचा नंबर सारखा बदलत असेल, तो डोळे चोळत असेल, तर आजच डॉक्टरांकडे न्या. पडदा तपासा. आणि पोर म्हणालं दिसत नाही, तर त्याचं ऐका. मी नाही ऐकलं."

साहेब, फोटोवाल्याने आपली लाज चारचौघांत बोलून दाखवली. तुमचं काय? चष्मा टाकणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव-पत्ता तुमच्या खात्याच्या नोंदवहीत आहे. त्यातल्या किती पोरांचा पडदा पातळ होतोय, कुणाला ठाऊक? त्यांना घरोघर गाठून सांगावं म्हणून यादी मागायला फोटोवाला तीनदा आला. तुमचा शिपाई म्हणतो, साहेब बैठकीत आहेत. तिकडे पोरं डोळे चोळताहेत. यादी कधी देता? तारीख सांगा.