दसऱ्याचं इंजिन

"खाली उतरव ते!" वरुण गॅरेजच्या दारातूनच ओरडला. "हृष्या, तुला सांगतोय. आधी खाली उतरव."

त्याचा मित्र हृषिकेश क्रेनच्या दांड्याला धरून तसाच उभा राहिला. क्रेनला लटकवलेलं सहा सिलिंडरचं इंजिन वरुणच्या लाल गाडीच्या उघड्या बॉनेटसमोर हळूहळू हलत होतं. दुसरा मित्र चारुदत्त चहाचा कप घेऊन 'सरप्राइज!' ओरडायच्या बेतात होता, त्याचं तोंड उघडं ते उघडंच. आणि वरुणची बायको उर्वी! नवी जांभळी साडी नेसून, पूजेचं ताट घेऊन. दसरा ना आज! सिडनीच्या केलीव्हिलमध्ये आपटा कुठला मिळायला, म्हणून शेजारणीच्या अंगणातली कांचनाची पानं तिने सोनं म्हणून ताटात ठेवली होती.

"फिजिओहून टॅक्सीने ये, मला घरी खूप काम पडलंय," असं ती सकाळी म्हणाली, तेव्हाच वरुणला संशय यायला हवा होता. तिकडे रबरी चेंडू दाबून दाबून त्याचा उजवा हात भरून आला होता. मागच्या वर्षी डोक्यातली शीर फुटली आणि तो हात गेला. गेला म्हणजे आहे जागेवर, पण सांगितलेलं ऐकत नाही. पुण्याच्या कारखान्यात इंजिनं जुळवण्यात वरुणची उमेदीची वर्षं गेली होती. सिडनीत येऊन लॅपटॉपसमोर बसला, तरी सुट्टीचा दिवस गॅरेजमध्येच जायचा. गाडीचं मूळचं चार सिलिंडरचं इंजिन काढून त्याने स्टँडवर चढवलं होतं. ते टाकून द्यायचं नाही, त्यालाच आतून दमदार करायचं, हे त्याचं ठरलेलं. ब्लॉक बोअर करून, म्हणजे सिलिंडरची भोकं मोठी करून आणला, मोठ्या मापाचे पिस्टन मागवले, आणि मग हे आजारपण.

"मेट, ऐक तर," हृषिकेश म्हणाला. "जपानहून आलेलं इंजिन आहे, चालवून बघितलंय आम्ही. आज अरव्होत, दुपारीच बसवून टाकतो, वायरिंग पुढच्या शनिवारी. दिवाळीला तू गाडीत!"

"कोणी सांगितल्या होत्या तुम्हाला या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला?"

"मी," उर्वी म्हणाली.

वरुणच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वा! तिकडे वेंटवर्थव्हिलच्या देशी वाण्यालासुद्धा माहीत असेल एव्हाना. गाडी कुणाची? माझी. मलाच कोणी विचारायचं नाही?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास?" चारुदत्तने विचारलं.

"नसतो म्हणालो! म्हणून तर विचारायचं असतं!"

"अरे, पण जुनं इंजिन बांधायचं म्हणजे दोन धड हात..." चारुदत्तने जीभ चावली.

"बोल की पुढे! माझ्या डोक्यातली शीर फुटली तेव्हा डोकं बदललंत का रे? आहे तेच दुरुस्त करत बसलोय ना वर्षभर? मग या जुन्या इंजिनाच्याच मुळावर का उठलात?"

वरुण तरातरा कामाच्या बाकापाशी गेला. तरातरा म्हणजे जमेल तसा, उजवा पाय ओढत. त्याने पिस्टन उजव्या दंडाने छातीशी दाबून धरला आणि डाव्या हाताने त्याच्या खाचेत बसणारी लोखंडी रिंग फाकवून वर चढवायला घेतली. "बघा. हे असं. होतं की नाही?" उजवा दंड थरथरला, पिस्टन निसटू लागला, तो सावरताना रिंग नको इतकी फाकली आणि कट्कन तुटली.

"नो वरीज यार, होतं असं," चारुदत्त हळूच म्हणाला.

त्या मऊ आवाजाने वरुण आणखीच पेटला. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

"रोज हेच!" आता उर्वीचा बांध फुटला. "रोज स्वयंपाकघरात ऐकते मी. रिंग तुटते, तू भिंतीवर बुक्की मारतोस, आणि जेवायला आलास की म्हणतोस, मस्त चाललंय. मला नाही रे बघवत! गाडी एकदाची रस्त्यावर यावी आणि तू हसावंस, एवढंच हवं होतं मला. काय मोठा गुन्हा केला?"

"गाडी चालवायची हौस नाहीये मला, उर्वी. मला हे इंजिन बांधायचंय. ते दुसरं बसवलंत, तर मी गाडीत नुसता बसेन. पिशव्या ठेवतो ना मागच्या सीटवर, तसा."

हृषिकेशने क्रेन मागे ओढली आणि इंजिन कोपऱ्यातल्या लाकडी ठोकळ्यांवर उतरवलं. "सॉरी यार," म्हणाला आणि चारुदत्तला घेऊन निघाला. सोनं न घेताच दोघे गेले. सणाच्या दिवशी माणसं तशीच परत गेली, याचंही वरुणला वाईट वाटलं, पण तो बाकाकडेच वळला.

"दुसरी रिंग दे," तो म्हणाला.

उर्वीने पूजेचं ताट त्या नव्या इंजिनावर आदळलं. पानं फरशीवर सांडली. बाकावरच्या डब्यातून रिंग काढायला तिने हात घातला.

"हात पूस आधी. बोटांना कुंकू आहे. आत गेलं तर सिलिंडरला चरे पडतील."

"आज दसरा आहे, वरुण."

"म्हणून काय झालं? पूस."

तिने रागारागाने नव्या साडीच्या पदरालाच बोटं पुसली, एकेक बोट, कुंकू पुरतं जाईपर्यंत. पदरावर लाल ओरखडे उठले. मग त्याला रिंग चढवता यावी म्हणून पिस्टन स्वतःच्या दोन्ही हातांत घट्ट धरायच्या आधी तिने ती त्याच्या हातात दिली.

उजव्या.