एकतीस लाल टाके

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. या वाचनालयाच्या काचेच्या कपाटात, खालच्या फळीवर, बरोबर तुमच्या नजरेसमोर मला ठेवलं आहे. माझ्या पुढ्यात एक छापील पाटी आहे: 'ही सॅक पाठीवर घेऊन लेखिकेने एकटीने आशिया पालथा घातला.' शाळेतली मुलं रांगेने येतात, पाटी मोठ्याने वाचतात आणि पुढच्या कपाटाकडे जातात. त्या वेळी मला तोंड असतं तर बरं झालं असतं असं वाटतं. कारण त्या एका वाक्यात दोन गोष्टी खोट्या आहेत. एक म्हणजे 'एकटीने'. दुसरी म्हणजे ती पाठ. ती पाठ लेखिकेची नव्हतीच.

माझा जन्म दुकानात झाला नाही. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या एका कारखान्यात, खिडकीजवळच्या तिसऱ्या मशीनवर, जेवणाच्या सुट्टीत मी तयार झाले. मला शिवलं लेखिकेच्या मावशीने. ताडपत्रीचा उरलेला तुकडा माझं अंग झाला, गाडीच्या बेल्टचे पट्टे माझे खांदे झाले आणि मावशीच्या घरातला जुना पिवळा पडदा माझं अस्तर झाला. सगळीकडे दुहेरी टीप. कारखान्यातल्या बायका म्हणाल्या, "अगं, सॅक शिवतेस की तिजोरी?" माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

मावशीची एक सवय होती. कुठलंही काम पुरं झालं की ती आतल्या बाजूला, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा जागी, लाल दोऱ्याचा एक टाका घालायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "माल परत आला तर ओळखायला बरं. हात माझा होता, एवढं कळलं म्हणजे झालं." माझं काम झाल्यावर मात्र तिने टाका घातला नाही. म्हणाली, "हिचं काम अजून कुठं संपलंय?"

मला शिवलं होतं तिच्या भाचीसाठी. भाची चोवीस वर्षांची. पायाला भिंगरी लागलेली, म्हणून मावशी तिला भिंगरीच म्हणायची. भिंगरीला एकटीने पाच महिने देशोदेशी हिंडायचं होतं आणि त्यावर कादंबरी लिहायची होती. तिची आई दारात आडवी पडायचीच काय ती बाकी होती. शेवटी आईने निकाल दिला, "मावशी बरोबर येत असेल तर जा. नाहीतर या घरात प्रवासाचं नाव काढू नकोस."

भिंगरी मावशीच्या गळ्यात पडून रडली. मावशीने कारखान्याच्या मुकादमाकडे पाच महिन्यांची रजा मागितली. तो म्हणाला, "पाच महिने? मग खिडकीजवळचं मशीन विसरा." ते मशीन मावशीकडे एकोणीस वर्षं होतं. त्यावर ऊन यायचं, वारा यायचा, बाहेरचं झाड दिसायचं. मावशी म्हणाली, "विसरले." आणि चौपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा गावाबाहेर पडली.

भिंगरीचा उजवा खांदा लहानपणी निखळला होता. वजन उचललं की दुखायचा. म्हणून तिच्या गळ्यात वह्यांची छोटी कापडी पिशवी आणि मी मावशीच्या पाठीवर. दोघींचे कपडे, औषधं, छत्री, सुईदोऱ्याचा डबा असं तेरा किलो माझ्यात असायचं. बोटीच्या फळीवरून, बसच्या टपावरून, डोंगरावरच्या पायऱ्यांवरून मावशी मला घेऊन गेली. वाटेत कुरकुरायची, पण मला कधी जमिनीवर आपटलं नाही. आधी रुमाल टाकायची, मग त्यावर मला टेकवायची. माझ्यासारखीला आणखी काय हवं असतं?

प्रत्येक गाव सोडायच्या सकाळी ती माझं झाकण उलटं करायची आणि अस्तरावर एक लाल टाका घालायची. बाहेरून भिंगरी ओरडायची, "मावशी, बस सुटेल!"

"सुटू दे. टाका सुटायला नको."

एका बंदराच्या गावी भिंगरीला ताप भरला. सहा खाटांची ती खोली. मावशी नऊ दिवस तिच्या उशाशी बसून होती, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत. भाषा कळत नसताना औषधवाल्याशी हातवारे करून भांडलीसुद्धा. त्या गावाचा टाका जरा वाकडा आला होता, कारण नऊ रात्रींच्या जागरणाने मावशीचे डोळे मिटत होते. असे एकतीस टाके झाले. एकतीस गावं. माझ्या अंगावरचे ते दागिने होते आणि मला त्यांचा गर्व होता, खोटं कशाला सांगू?

परत आल्यावर मावशीला भिंतीकडेचं शेवटचं मशीन मिळालं. भिंगरीने कादंबरी लिहिली. पहिल्या लिखाणात मावशी होती. मला माहीत आहे, कारण ते जाडजूड कागद माझ्यातूनच प्रकाशकाकडे गेले. प्रकाशकांनी ते वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "दोघी गेल्या की सहल होते. एकटी गेली की कादंबरी होते. मावशी काढा."

"अहो, पण ती होती ना."

"होती तर असू दे. पुस्तकात कशाला हवी?"

घरी येताना भिंगरी मला छातीशी धरून बसली होती. मला वाटलं, ही आता नाही म्हणणार. घरी येऊन तिने पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानापासून मावशीवर काट मारायला सुरुवात केली.

पुस्तक आलं तेव्हा मी मावशीच्या घरी खुंटीवर लटकत होते. माझ्यात जुने स्वेटर कोंबले होते. मावशी सुट्टीच्या दुपारी ओळींखाली बोट धरून वाचायला बसायची. एका बोटीचं जुनं तिकीट तिने खूण म्हणून ठेवलं होतं. सुरुवातीला ती हसत म्हणाली, "मी अजून आलेच नाही. पुढच्या गावात येत असेन." पुढच्या गावातही ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. माझ्या जागी तर एक निळी, परदेशी, चार चेनांची सॅक होती. मी खाकी आहे हो! आणि मला एकही चेन नाही, बक्कल आहे.

बंदराच्या गावात नायिकेला ताप आला. एक अनोळखी बाई तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवून निघून गेली, असं लिहिलं होतं. मावशीने ते पान दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ही मीच की गं." तिकीट पुढे सरकत सरकत शेवटच्या पानापर्यंत गेलं, पण मावशी कुठेच आली नाही.

पुढच्या आठवड्यात भिंगरी आली. खाली मान घालून म्हणाली, "मावशी, कादंबरी आहे ती. त्यात सगळं खरं नसतं."

"बरोबर आहे," मावशी म्हणाली. "गोष्टीत बोलणारे पोपट असतात, उडते घोडे असतात. मावशी नसली तर कुठं बिघडलं?"

ती मनापासून म्हणाली होती. तिने खरंच माफ केलं होतं. मला मात्र जमलं नव्हतं.

मग भिंगरीने कार्यक्रमासाठी मला मागून नेलं. मोठं सभागृह, व्यासपीठावर टेबल, टेबलावर मी. तिसऱ्या रांगेत मावशी आणि भिंगरीची आई. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "कादंबरी बाजूला ठेवू. खरं सांगा, खरोखर एकट्या होतात?"

हा प्रश्न गोष्टीतला नव्हता, मित्रांनो. मी श्वास रोखून धरला, माझ्यासारखीला जेवढा रोखता येतो तेवढा.

"अगदी एकटी," भिंगरी म्हणाली. मग तिने माझं झाकण उलटं केलं. "हे बघा. गाव सोडताना मी एकेक टाका घालायचे. माझी सवयच होती ती."

लोक टाळ्या वाजवू लागले. भिंगरीची आई उठायला लागली, तर मावशीने तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. भिंगरीच्या घरी गेल्यावर आई माझ्यासमोरच संतापून म्हणाली, "केसाने गळा कापला पोरीने तुझा." मावशी चहाचं आधण ठेवत म्हणाली, "जाऊ दे. बोलण्याने काही अंगाला भोकं पडत नाहीत."

त्यानंतर मी बऱ्याच व्यासपीठांवर गेले. लोक मला पाठीवर अडकवून फोटो काढायचे. एकदा असाच डावा पट्टा निघाला. मला पुन्हा मावशीकडे आणलं गेलं.

"पट्टा तेवढा शिवून दे ना मावशी. वाचनालयाला भेट म्हणून द्यायचीय. तुझ्याइतकं पक्कं कोणी शिवत नाही."

"ठेव. परवा ने."

मावशीने आधी पट्टा शिवला. दुहेरी टीप मारली, ओढून बघितला. काम पुरं झालं म्हणून पट्ट्याच्या मुळाशी एक लाल टाका घातला. मग माझं झाकण उलटं केलं आणि ब्लेड हातात घेतलं. मला काही कळेना. एकेका गावाचं नाव घेत तिने एकेक टाका उसवायला सुरुवात केली. बंदराच्या गावाचा वाकडा टाका निघता निघेना, तेव्हा चष्मा पुसून पुन्हा बसली. मला फार वाईट वाटलं. भिंगरीने दगा दिला तो दिला, पण मावशी, तूसुद्धा? माझ्याकडे तेवढंच तर होतं! एकतिसावा टाका निघाला तेव्हा तिने सगळे दोरे गोळा करून चिंध्यांच्या डब्यात टाकले. माझ्या अस्तरावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "तुझ्यावर राग नाही गं माझा." तेव्हा मला समजलं. जिथे आपण नव्हतोच असं ठरलं आहे, तिथे ती आपला हात ठेवून जाणार नव्हती.

मला वाचनालयाला भेट म्हणून देण्याचा छोटा समारंभ झाला. मावशी आली नाही, कामावर होती. भिंगरीने मुलांसमोर नेहमीप्रमाणे झाकण उलटं केलं आणि तशीच थांबली. पिवळ्या अस्तरावर सुईच्या भोकांच्या जोड्या तेवढ्या होत्या, एकतीस.

पहिल्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "ताई, टाके कुठे गेले?"

"जुनी झाली ना सॅक," भिंगरी म्हणाली. "विरले."

"मग हा एक कसा राहिला? पट्ट्याजवळचा?"

भिंगरी त्या टाक्याकडे बघत राहिली. तिला तो टाका ओळखू आला होता. तो कुणाचा आणि का असतो, हे तिथे फक्त तिला आणि मला माहीत होतं. मला वाटलं, आता तरी सांगेल. फक्त तीन अक्षरांचा शब्द होता.

"तो होय?" ती म्हणाली. "तो दुरुस्तीवाल्या बाईंनी घातलाय."

मित्रांनो, माझं काम आता संपलं आहे. काचेत धूळ लागत नाही, ऊन लागत नाही, कोणी मला आपटत नाही. तुमच्या सॅका मात्र जपून वापरा. ओले कपडे आत कोंबू नका, पट्ट्यावर धरून फरफटवू नका, जमिनीवर ठेवताना खाली काहीतरी टाका. एकटे जाल तर अभिमानाने एकटे गेलो म्हणा. पण कोणी बरोबर आलं असेल, तर ते आलं होतं एवढं सांगा. त्याने तुमचा प्रवास लहान होत नाही.

आणि वाचनालयाच्या बाईंनी कधी तुम्हाला कपाट उघडून दाखवलं, तर पाटी वाचू नका. माझ्या डाव्या पट्ट्याच्या मुळाशी बघा. हात मावशीचा आहे.