पुडिंगचं नख

आमची कोंबडी पुडिंग तीन दिवसांत ठणठणीत बरी झाली. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही, असं समजा.

शनिवारी सकाळी आमच्या वॅरानूक गावातल्या फुटबॉल क्लबामागे गर्दी जमायची. प्रत्येकाच्या काखेत एक कोंबडी, खुराड्यातल्या मैत्रिणींनीच टोचून रक्तबंबाळ केलेली. गावात सगळ्यांकडे एकाच जातीच्या तपकिरी कोंबड्या, त्यामुळे गर्दी एकच कोंबडी घेऊन आल्यासारखी दिसायची. समोर डेस काका. बाबांचा सख्खा भाऊ, मला सायकल शिकवणारा.

"ही चोचीची जखम नाही, मंडळी! हा मत्सर आहे. माझं निळं पाणी तो खेचून काढतं!"

फी नाही. फक्त बियरचा एक खोका, तोही मत्सर उतरवायला.

माझी नऊ वर्षांची बहीण ब्रायडी पुडिंगला टॉवेलात गुंडाळून घेऊन गेली. पिल्लू असताना दारात चेंगरून पुडिंगच्या डाव्या पायाचं मधलं नख कायमचं गेलं होतं.

"काका, मरणार नाही ना ती?"

"माझ्यावर विश्वास आहे ना, राणी?"

होता. माझाही होता.

तिसऱ्या दिवशी काकानं सगळ्यांसमोर कोंबडी परत दिली. पाठीवर भरगच्च पिसं, पायांना सगळी नखं.

"काका, हे नख कुठून आलं?" ब्रायडीनं विचारलं.

काका गर्दीकडे वळला. "उगवलं! तेही उगवलं!"

टाळ्या पडल्या. शेजारच्या बेरिलबाईंनी लगेच आपला गुडघा पुढे केला.

घरी खुराड्यात सोडताच आमच्या बाकीच्या तीन कोंबड्या तिच्यावर तुटून पडल्या.

"मत्सर," मी म्हणालो.

"गप रे दादा! त्या ओळखतच नाहीत हिला. ही पुडिंग नाहीये."

म्हणजे अख्ख्या गावात पहिली शंका घेतली ती कोंबड्यांनी.

आम्ही तडक काकाच्या शेडमध्ये गेलो. आत सतरा तपकिरी कोंबड्या, एक बादली मिठाचं पाणी आणि जनावरांच्या औषधांच्या दुकानातला निळा जंतुनाशक फवारा. बाहेर लिंबाखाली मातीचे चार ताजे उंचवटे.

"वरवरची जखम यानं बरी होते रे," काका म्हणाला. "खोल असली की... मग दुसरी द्यायचो. लोक किती खूश व्हायचे!"

आणि ती दुसरी परकी म्हणून टोचून घ्यायची, की पुढच्या शनिवारी पुन्हा काकाकडे, नव्या खोक्यासकट.

"आपण डॉक्टरकडे नेलं असतं तर वाचली असती का ती?" ब्रायडीनं विचारलं.

काका लिंबाखाली गेला आणि सगळ्यात ताज्या उंचवट्यावरची माती हातानं सारखी करू लागला.

तर मंडळी, कोंबडीला आधी वेगळी ठेवा. जखम कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा. लाल दिसलं की बाकीच्या टोचतात. फवारा जखम स्वच्छ ठेवतो आणि निळा रंग लाल झाकतो. निळ्या पाण्याची जादू एवढीच. जखम खोल असेल तर पशुवैद्य गाठा. आणि कोणी चमत्कार परत आणून दिला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याची नखं मोजा.

प्रति, नगर परिषद, वॅरानूक.
विषय : काका बदलून मिळण्याबाबत.
आमच्या काकाच्या जागी हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा दुसरा इसम आम्हाला देण्यात आला आहे. तरी सायकलची सीट मागून धरणारा मूळ काका, असेल त्या स्थितीत, सात दिवसांत परत मिळावा, ही विनंती.