सगळ्यात लांब उत्तर

कोर्स बनवणाऱ्यांच्या परिषदेला जायच्या परवानगीसाठी साहेब ड्वेन प्रूइटने पत्र मागितलं तेव्हा डॅना वोयतासला हसू आलं, आणि ते तिने लपवलंही नाही.

"हसण्यासारखं काय झालं?" ड्वेनने विचारलं.

"तेच पत्र ना? परिषदवाल्यांनी वेबसाइटवर आयतं लिहून ठेवलेलं? साहेबांना कसं पटवावं, त्याचं?"

"तेच. गाळलेल्या जागा भरायच्या आणि मला पाठवायचं. कंपनीचे किती डॉलर वाचतील तेवढं नीट लिही. मग बघू."

"सहा वर्षं पाठवतेय, ड्वेन. गेल्या वर्षी तुझं नाव घालायलाच विसरले. 'प्रिय, येथे साहेबांचे नाव लिहा' असंच पत्र आलं तुझ्याकडे. त्यालासुद्धा तू उत्तर दिलंस, पुढच्या वर्षी बघू म्हणून."

ड्वेन जरा गोरामोरा झाला. माणूस वाईट नव्हता तो. लोकांचे वाढदिवस लक्षात ठेवायचा, कुणाच्या घरी आजारपण असलं की स्वतः सूप पोचवायचा. पण 'पुढच्या वर्षी बघू' हे त्याचं पांघरूण होतं, आणि त्याखाली तो निवांत झोपायचा.

टोलीडोच्या त्या शीतगृहात गोठवलेलं मांस, मटार आणि आइस्क्रीम मिळून अर्ध्या ओहायोचं जेवण पडून असे. कामगार सव्वातीनशे. त्या सव्वातीनशे जणांना काय करावं आणि काय करू नये हे संगणकावर शिकवणारे कोर्स एकटी डॅना बनवायची. तिच्या हुद्द्याचं नाव होतं इन्स्ट्रक्शनल डिझायनर. कंपनीत ते कुणालाच कळत नसे. पगार विभागातली मंडळी तिला 'स्लाइडवाली' म्हणायची, आणि साहेब लोक भाषण असलं की "जरा ही चित्रं सरळ करून दे गं" म्हणत तिच्या टेबलाशी यायचे. इस्पितळात डॉक्टर बारा असतात, बँकेत हिशेबनीस वीस असतात, ते एकमेकांच्या चुका काढतात. डॅनाची चूक काढणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं. आठ वर्षं ती बिनचूक होती, आणि याचीच तिला अलीकडे भीती वाटायला लागली होती.

भीतीला कारण होतं. शीतगृह थंड ठेवतो तो अमोनिया. तो गळला तर छप्परावरची नारिंगी कापडी पिशवी बघायची, वारा कुठून कुठे जातोय ते ओळखायचं, आणि आधी वाऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं. डॅनाच्या कोर्समध्ये हे सगळं होतं, चित्रांसकट, आवाजासकट. आवाज संपेपर्यंत 'पुढे'चं बटण उघडायचं नाही. शेवटी दहा प्रश्नांची चाचणी. दर वर्षी सव्वातीनशेच्या सव्वातीनशे पास.

आणि जानेवारीत, कुणाला न सांगता, गळतीची खोटी घंटा वाजवली गेली. त्या पाळीत बासष्ट माणसं होती. वारा पश्चिमेचा होता, पिशवी पूर्वेकडे ताठ उभी होती, आणि बासष्टच्या बासष्ट माणसं पूर्वेच्या फाटकाकडे पळाली. वायू खरा असता तर तो त्यांच्या पाठोपाठच गेला असता. डॅना खिडकीतून बघत होती.

ड्वेनने अहवालात लिहिलं, सर्वजण चार मिनिटांत बाहेर, प्रशिक्षण शंभर टक्के पूर्ण.

डॅना तडक मालाच्या धक्क्यावर गेली. तिथे अर्लीन मॅब्री फोर्कलिफ्ट चालवायची, सत्तावीस वर्षं झाली होती. अर्लीनच्या तोंडाला सगळे टरकून असत.

"अर्लीन, तू चाचणीत दहापैकी दहा मिळवलेस. मग पूर्वेला का पळालीस?"

"गाड्या तिकडे लागतात ना, पोरी! पळताना माणूस गाडीकडे पळतं."

"पण चाचणीत तर बरोबर लिहिलं होतंस."

अर्लीनने फोर्कलिफ्ट बंद केली आणि डॅनाकडे बघितलं. त्या बघण्यात दया होती, आणि ती डॅनाला शिवीहून जास्त लागली.

"चाचणीत सगळ्यात लांब उत्तर बरोबर असतं. वाचायचं कशाला? नवीन माणूस आलं की पहिल्या दिवशी आम्ही दोन गोष्टी सांगतो. संडास कुठे आहे आणि सगळ्यात लांब उत्तर."

डॅना टेबलाशी परत आली आणि तिने आपले दहा प्रश्न उघडले. खरंच होतं. खरं उत्तर कायदा विभागाकडे तपासायला जायचं. ते त्यात 'शक्य असल्यास' घालायचे, 'पर्यवेक्षकाच्या सूचनेनुसार' घालायचे, आणि उत्तर शेपटासारखं वाढत जायचं. चुकीची उत्तरं कायदा विभाग बघत नसे, म्हणून ती डॅनाने चार-चार शब्दांत उरकली होती. दहाच्या दहा ठिकाणी. तिच्या धंद्यातल्या कुणाही माणसाने अर्ध्या मिनिटात बोट ठेवलं असतं. पण बोट ठेवायला धंद्यातलं माणूस लागतं, आणि तिच्या आसपास होते ते मटार आणि आइस्क्रीम.

ती रडली नाही. तिला राग आला, आधी स्वतःचा आणि मग सगळ्यांचा.

परिषदेत एक संध्याकाळ अशी असायची की देशभरातले कोर्स बांधणारे आपापलं काम टेबलावर मांडून बसत, आणि बाकीचे येऊन ते उसवत. एवढ्यासाठीच तिला जायचं होतं. फुकटची पिशवी, हॉटेलचा पोहण्याचा तलाव, भाषणं, यातलं काही नको होतं. आपलं काम उसवून घ्यायचं होतं, तेही एप्रिलच्या आत, कारण एप्रिलमध्ये हाच कोर्स कंपनीच्या तीन नव्या शीतगृहांत जाणार होता. तिथे आणखी नऊशे माणसं होती.

आणि ड्वेन म्हणत होता, गाळलेल्या जागा भर.

"उद्या आणते," डॅना म्हणाली.

दुसरा दिवस पोंचकीचा मंगळवार होता. ईस्टरपूर्वीचा उपवास सुरू होण्याआधी टोलीडोतली पोलिश मंडळी जॅम भरलेले ते तळलेले गोळे चापून खातात, आणि आता जर्मन, मेक्सिकन सगळेच खातात. डॅना एक खोकं आणि लॅपटॉप घेऊन ड्वेनच्या खोलीत शिरली. मागोमाग अर्लीनही आली, पोंचकीच्या वासावर.

"पत्र?" ड्वेनने विचारलं. त्याच्या मिशीला साखर लागली होती.

"आधी पाच प्रश्न सोडव. दोन मिनिटं लागतील."

पडद्यावर कोर्समधला तोच शिरस्त्राणवाला माणूस होता, तेच हिरवं बटण होतं. प्रश्न मात्र पोलिशमध्ये. डॅनाने ते रात्री आईला फोन लावून नीट करून घेतले होते.

"अगं, मला पोलिशमधलं पोंचकी सोडून काही येत नाही!"

"प्रयत्न तर कर."

ड्वेनने डोळे बारीक केले. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. त्याचं बोट झरझर चाललं. टक, टक, टक. दीड मिनिटही लागलं नाही. पडद्यावर हिरवी बरोबरची खूण उमटली, पाचपैकी पाच, आणि खाली त्याच्या नावाचं प्रमाणपत्र.

"बघ!" ड्वेन खूश होऊन म्हणाला. "अजून येतं मला."

अर्लीनने खाणं थांबवलं. हळूहळू ड्वेनचं हसू उतरलं.

"तुलाही माहीत होतं," डॅना म्हणाली.

"हे बघ, डॅना, सगळ्यांनाच माहीत आहे."

"मला सोडून. आठ वर्षं मी मूर्खासारखी चित्रं सुधारत बसले, आणि तुम्ही कुणी एक शब्द बोलला नाहीत."

"तुला वाईट वाटलं असतं. शिवाय तपासणीवाले येतात त्यांना यादी लागते, आणि यादी पूर्ण असते."

"वारा यादी वाचत नाही, ड्वेन!"

खोलीबाहेरची दोन माणसं वळून बघायला लागली. डॅनाने आवाज खाली आणला नाही.

"आता ऐक. तो कोर्स मी आज सकाळी बंद केलाय. नव्या शीतगृहांत तो जाणार नाही. मी बनवलाय, मीच सांगते की तो भिकार आहे. आणि मी परिषदेला जाणार आहे. तू पाठवलंस तर कंपनीतर्फे, नाहीतर माझी रजा आणि माझी गाडी."

"अशाने नोकरी जाऊ शकते तुझी."

"जाऊ दे. मग तो कोर्स उघडायला दुसरी स्लाइडवाली शोध."

"धमकी देतेस?"

"प्रश्न विचारते. एकच, आणि तो इंग्रजीत. समज, आत्ता घंटा वाजली. तू कुठल्या फाटकाकडे जाशील?"

"पूर्वेच्या," ड्वेन ताबडतोब म्हणाला.

त्याच्या पाठीमागेच खिडकी होती. खिडकीतून छप्परावरची नारिंगी पिशवी दिसत होती, पूर्वेकडे ताठ. गेली अकरा वर्षं ती त्याच्या मानेपासून चार हातांवर होती. त्याने वळून बघितलं नव्हतं.

"गाडी तिकडे लागते ना त्याची," अर्लीन म्हणाली, आणि तिने या वेळी टोमणा मारला नव्हता.

ड्वेन आता वळला. उठून खिडकीशी गेला, पिशवी कुठे वळलीय ते बघितलं. मग खुर्चीत बसला, मिशी पुसली आणि खणातून मंजुरीचा फॉर्म काढला. सही करून तो त्याने डॅनाकडे सरकवला.

"कारणाचा रकाना तू भर. पण वर उपाध्यक्षांकडे जायचंय, तेव्हा ते पत्रातलं वाक्य घाल बाई. वाचणाऱ्या डॉलरचं."

"नाही घालणार."

"डॅना, तो रकाना पाचशे शब्दांचा आहे. काहीतरी मोठं लिहावं लागतं, त्याशिवाय ते पास करत नाहीत."

"माहीत आहे," डॅना म्हणाली. "सगळ्यात लांब असेल तेच बरोबर."

तिने ड्वेनचंच पेन उचललं आणि त्या मोठ्या मोकळ्या चौकोनात एक ओळ लिहिली.

'माझ्या कोर्समध्ये सगळे पास होतात.'